किरकोळ दुरुस्त्या

आमच्या घरात दोन माणसं इतिहास लिहितात. एक आई, दुसरा मी. आई लिहिते फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या कालनिर्णयवर. मी लिहितो रात्री अकरानंतर, लॅपटॉपवर, चेंजलॉग नावाच्या फायलीत. आईला एका दिवसासाठी जेमतेम दीड इंचाची चौकट मिळते आणि त्यातलीही निम्मी जागा तिथी, नक्षत्र आणि संकष्टीच्या चंद्रोदयाने आधीच अडवलेली असते. मला जागेची काही अडचण नाही. तरी घरात कुणाला मागचं काही शोधायचं असलं की पावलं फ्रिजकडे वळतात. माझ्या फायलीकडे आजवर कुणी फिरकलेलं नाही. मीसुद्धा.

आईच्या नोंदी छोट्या असतात. 'दूध २.' 'बाई नाही.' 'इस्त्री ११.' 'गॅस लावला.' तिचा एक कडक नियम आहे: झालेली गोष्ट पेनने, व्हायची गोष्ट पेन्सिलने. 'गॅस येईल' हे पेन्सिलने. सिलेंडर खरोखर दारात आला, वजन करून झालं, की त्यावर पेन फिरतं. महिनाअखेरीला बाईंशी खाड्यांचा हिशोब होतो तेव्हा दोघी कालनिर्णयपुढे उभ्या राहतात, चौकटी मोजतात आणि विषय संपतो. इतक्या वर्षांत या दफ्तरावर कुणी हरकत घेतलेली नाही. माझ्या दफ्तरावरही हरकत आली नव्हती, पण त्याचं कारण वेगळं होतं.

माझ्या दफ्तराची सुरुवात मामांमुळे झाली. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सांगलीला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी स्थानिक इतिहासावर लेख लिहिले, आणि सगळे कॉम्प्युटरवर, पण युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटात. नवा कॉम्प्युटर आला तो फाँट न घेता. मामांचं अख्खं लेखन एका रात्रीत रोमन अक्षरं, कंस आणि टक्केचिन्हांच्या रांगोळीत बदललं. मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: जुन्या फाँटातला मजकूर घ्यायचा, युनिकोडमध्ये करून द्यायचा. नाव ठेवलं 'वळण'.

काम वाटतं तितकं सरळ नाही. जुना फाँट म्हणजे निव्वळ चित्रं. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून टायपिंग करणारा ती आधी टाकायचा. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमाने चालतं: आधी व्यंजन, मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पलीकडे नेऊन ठेवायची. रफाराचं बरोबर उलटं: तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चारात आधी येतो, म्हणून त्याला मागून पुढे आणायचा. मराठी जोडाक्षरांच्या गर्दीत ही ने-आण म्हणजे लोकलमध्ये चढणाऱ्यांना आणि उतरणाऱ्यांना एकाच दारातून जागा करून देणं.

'वळण' चाललं. मी ते मुक्त सॉफ्टवेअर म्हणून जाहीर केलं. कुणीही घ्या, वापरा, बदला. कुणी घेतलं नाही. तेव्हा मला वाटलं, दोष मालात नाही, वेष्टनात आहे. माझं सॉफ्टवेअर डेबियनमध्ये गेलं पाहिजे.

डेबियन ही लिनक्सची एक जुनी, स्वयंसेवकांनी चालवलेली पंगत आहे. १९९३ साली इयन मरडॉक नावाच्या तरुणाने ती मांडली आणि तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः इयन, अशी दोघांची नावं जोडून तिचं नाव ठेवलं. इतका टिकाऊ उखाणा जगात दुसऱ्या कुणी घेतलेला नाही. तिच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या खेळण्याचं नाव मिळतं, आणि रोज मोडतोड चाललेल्या अस्थिर शाखेला कायमचं नाव आहे सिड. सिड म्हणजे त्या सिनेमातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. ज्या संस्थेला आपल्या धोक्याचं इतकं नेमकं नाव सुचतं, तिथे नोंदींबाबत गंमत चालणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

डेबियनमध्ये शिरायचं तर प्रोग्रॅम पॅकेजमध्ये बांधावा लागतो. बहुतेक वेळा प्रोग्रॅम लिहिणारा एक आणि पॅकेज बांधणारा दुसरा असतो. लिहिणाऱ्याला अपस्ट्रीम म्हणतात, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा. बांधणारा खालच्या अंगाला उभा राहून वरून काय वाहत येतंय ते बघतो आणि अधूनमधून वरच्याला बोल लावतो. दोघांच्या नोंदवह्या वेगळ्या. वरचा लिहितो, प्रोग्रॅममध्ये काय बदललं. खालचा लिहितो, पॅकेजमध्ये काय बदललं. आवृत्तीच्या आकड्यातही दोघांची वाटणी असते: १.४-२ यातला रेघेच्या डावीकडचा आकडा लेखकाचा, उजवीकडचा बांधणाऱ्याचा.

माझ्या बाबतीत वरचाही मीच आणि खालचाही मीच. एकाच माणसाने मुलीचा बाप आणि मुलाचा बाप दोन्ही व्हायचं, आणि शिवाय मानपान सोडायचा नाही. सोमवारी मी लेखक म्हणून नवी आवृत्ती काढायचो. मंगळवारी मी पॅकेजर म्हणून 'अपस्ट्रीमची नवी आवृत्ती आली' अशी आश्चर्ययुक्त नोंद करायचो. बुधवारी पॅकेजर असलेल्या मला लेखक असलेल्या माझी एक चूक सापडायची. आता शिस्तीप्रमाणे बघायला गेलं तर पॅकेजरने लेखकाच्या मूळ फायलीला हात लावू नये. वेगळं ठिगळ तयार करून वरच्याला कळवावं. मी मला कळवायचो. उत्तर यायला कधीकधी आठवडा लागायचा.

यावर एक पळवाट आहे. आवृत्तीतली ती रेघ काढून टाकायची आणि जाहीर करायचं की हे पॅकेज खास डेबियनचंच आहे. मग दोन वह्या नकोत, एकच पुरते. मी तेही करून बघितलं. पण डेबियनमध्ये नवख्याला थेट माल आत टाकता येत नाही. एखाद्या अधिकृत सदस्याने तो तपासून, स्वतःच्या सहीने आत घ्यावा लागतो. त्याला स्पॉन्सर म्हणतात. पैसे देत नाही, चुका दाखवतो. माझ्या स्पॉन्सरने एका ओळीत विचारलं, ''हा प्रोग्रॅम डेबियनबाहेर कुणी कधीच वापरणार नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?'' वस्तुस्थिती तीच होती. पण ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना, म्हणून मी रेघ परत घातली.

डेबियनच्या चेंजलॉगचं, म्हणजे बदलांच्या या नोंदवहीचं, सोवळं वेगळंच आहे. पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, कंसात आवृत्ती, मग शाखेचं नाव, अर्धविराम, मग निकड. खाली प्रत्येक बदलाची ओळ: आधी दोन मोकळ्या जागा, मग चांदणी, मग एक मोकळी जागा. शेवटी सहीची ओळ: एक मोकळी जागा, दोन छोट्या रेघा, नाव, पत्ता, मग बरोबर दोन मोकळ्या जागा, आणि तारीख. दोनच. एक चालत नाही. सत्यनारायणाच्या पूजेत सुपारी कमी पडली तर गुरुजी 'अक्षता वाहा' म्हणून पुढे जातात. इथे तशी सोय नाही.

कारण इथे नोंद ही नुसती नोंद नसते. बाकी जगात आधी काम होतं, मग त्याची नोंद. डेबियनमध्ये पॅकेज बांधणारी यंत्रणा चेंजलॉगची सर्वांत वरची नोंद वाचून ठरवते की आपण काय बांधतोय, कोणत्या आवृत्तीचं आणि कुठे पाठवायचं. तुम्ही लिहाल ते होतं. एवढं वजन माझ्या लेखनाला मराठीत कधी मिळालेलं नाही.

तारखेत वारही लिहावा लागतो, आणि तो तारखेशी जुळावा लागतो. लिंटियन नावाचा एक तपासनीस आहे, जुन्या छापखान्यातल्या मुद्रितशोधकाच्या तोडीचा. वार चुकला तर तो तेवढ्यासाठी वेगळा शेरा मारतो. रेड हॅट या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यात पॅकेजची पद्धत वेगळी आहे, पण वाराचा कटाक्ष तोच. तिथलं यंत्र तर अशा तारखेला चक्क 'बोगस' म्हणतं. हा शब्द वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बोगस मतदार, बोगस डॉक्टर, बोगस लाभार्थी. त्यांच्या पंगतीत आता माझा बुधवारही बसला. खरं तर तारीख भरून देणारं साधन मिळतं. पण हाताने लिहिण्यात एक सुख असतं, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर आज कोणता वार हे मला नेहमीच स्वयंपाकघरात जाऊन बघावं लागतं.

तारखेपाठोपाठ येतो +०५३०, म्हणजे भारतीय वेळेचा शिक्का. तो वाचून जगातल्या कुणालाही कळतं की हा गृहस्थ भारतात बसून पहाटे पावणेतीनला अल्पविराम दुरुस्त करत होता. ही नोंद कायमची राहते. सासरच्यांपैकी कुणाला ही फाईल वाचता येत नाही, हे भाग्यच.

पहिल्या खेपेला मी तीन महिने खपलो. दर रात्री काही सुधारायचं, नोंद लिहायची, रेघेउजवीकडचा आकडा एकाने वाढवायचा. १.०-१ पासून १.०-११ पर्यंत पोचलो. त्या अकरा नोंदींत माझी जडणघडण होती. काही ठिकाणी भाषाही बरी साधली होती. स्पॉन्सरने उत्तर पाठवलं: ''यातली एकही आवृत्ती डेबियनमध्ये आलेली नाही. सगळं काढा. एकच नोंद ठेवा.'' आणि त्या एका नोंदीत काय लिहायचं तेही ठरलेलं असतं: 'प्रथम प्रकाशन', आणि कंसात एक तक्रार क्रमांक. तो क्रमांकही आपणच नोंदवलेल्या तक्रारीचा असतो. 'मी हे पॅकेज बनवणार आहे' अशी आधी तक्रार करायची आणि मग पॅकेज बनवून ती मिटवायची. तीन महिने गेले, उरले दोन शब्द. आत्मचरित्र लिहायला बसावं आणि प्रकाशकाने जन्मदाखला छापावा, तसं झालं. पण स्पॉन्सरचंही खरं होतं. घरात कितीदा मोदक फसले हे पाहुण्यांना सांगायचं नसतं. पानात वाढला तो पहिला.

तक्रारी मिटवण्याचा तो मंत्रही जबर आहे. चेंजलॉगमध्ये 'क्लोजेस' लिहून पुढे क्रमांक घातला की पॅकेज आत गेल्याबरोबर ती तक्रार आपोआप बंद होते. हे क्रमांक आता सात आकडी झालेत. एकदा माझ्याकडून दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि स्पॉन्सरच्याही नजरेतून ती निसटली. माझी तक्रार तशीच राहिली आणि मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या कुणा अनोळखी माणसाची तक्रार मिटवून टाकली. त्याचं पत्र आलं, ''माझी तक्रार निकालात काढल्याबद्दल आभार. प्रिंटर अजून छापत नाही.'' मी माफी मागून ती पुन्हा उघडली. महापालिकेच्या तक्रार-ॲपवर 'निराकरण झाले' असा निरोप आल्यावर मला जे वाटतं, तेच मी एका सज्जन माणसाला वाटायला लावलं होतं.

मग निकड. तिच्या पायऱ्या आहेत आणि त्यावर सिडमधलं पॅकेज पुढच्या टेस्टिंग शाखेत किती दिवसांनी सरकेल ते ठरतं. सर्वसाधारण हिशोब असा: निकड कमी असली तर १० दिवस, मध्यम असली तर ५, जास्त असली तर २. तेवढे दिवस सिडच्या हातात तगलं, कुणी मोठी बोंब मारली नाही, तर पुढे. सुरुवातीला मला माझी प्रत्येक दुरुस्ती तातडीची वाटायची. हल्ली मी मध्यमवर असतो. मध्यमवर्गीय माणसाला ते शोभतंही.

आणि आकडे! यंत्राला एकच गोष्ट कळते: नवा आकडा जुन्यापेक्षा मोठा हवा. पूर्वतयारीची आवृत्ती काढायची तर मध्ये टिल्डे नावाची नागमोडी रेघ टाकतात. १.३~आरसी१ ही १.३ च्या आधी येते. साखरपुडा झालाय, लग्न व्हायचंय, असा त्या रेघेचा अर्थ. पण १.३ काढल्यावर कळलं की घाई झाली, १.२ च बरी होती, तर? मागे येता येत नाही. त्यासाठी डेबियनकरांनी काढलेली युक्ती मला फार आवडते: आवृत्तीला नाव द्यायचं १.३+रिअली१.२. म्हणजे वरून १.३, पण खरं सांगायचं तर १.२. लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापलेला ११ वाजून ५७ मिनिटांचा आणि खाली भावाच्या अक्षरात 'साडेबाराला या'. चूक कबूल करावी, पण आकडा खाली आणू नये. आपल्याकडच्या बऱ्याच माजी पदाधिकाऱ्यांच्या व्हिजिटिंग कार्डांना ही पद्धत लागू पडेल.

एवढं सोवळं पाळून मी त्या चौकटींत लिहीत काय होतो? इथे खरी कबुली द्यायला हवी. आठ-दहा आवृत्त्यांनंतर उत्साह ओसरला. पॅकेजरच्या वहीत मी लिहू लागलो, 'अपस्ट्रीमची नवी आवृत्ती.' म्हणजे काय बदललं ते वरच्या खिडकीत विचारा. वरच्या खिडकीत, लेखकाच्या वहीत, मी लिहिलेलं असायचं, 'किरकोळ दुरुस्त्या.' दोन्ही खिडक्यांत मीच बसलेला, आणि दोन्हीकडून मोकळ्या हाताने परत जाणाराही मीच.

'किरकोळ दुरुस्त्या' हे शब्द मी शोधले नाहीत. फोनमधली ॲपं वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत: किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा. मग बघावं तर हवं ते बटण नेहमीच्या जागी नसतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही पहिला ठराव असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' ते कुणी वाचत नाही. कायम मात्र होतं.

काही लोक याहून सोपा मार्ग घेतात. गिट या बदल सांभाळून ठेवणाऱ्या साधनात आपण केलेल्या प्रत्येक बारीक बदलाची टीप साठलेली असते. ती सगळी यादी उचलून चेंजलॉगमध्ये ओततात. माझ्या त्या टिपा क्रमाने अशा होत्या: 'फिक्स', 'परत फिक्स', 'शेवटचा फिक्स', 'शेवटचा फिक्स २', 'आता तरी', 'देवा'. यातून संशोधकाला माझ्या मनःस्थितीचा अंदाज येईल, 'वळण'चा येणार नाही. ऑलिव्हिए लाकान या गृहस्थांनी २०१४ पासून एक पद्धत प्रचारात आणली आहे. तिचं म्हणणं, चेंजलॉग माणसांसाठी असतो, यंत्रासाठी नव्हे. त्यात टिपांचा ढीग ओतू नये. नवीन काय जोडलं, काय बदललं, काय लवकरच जाणार, काय काढलं, काय दुरुस्त केलं आणि सुरक्षेचं काय, अशी सहा घरं करावीत. मी सहाही घरं आखली होती. सहाव्या घरापर्यंत कधी गेलो नाही.

आणि मग मामांचा फोन आला.

''अरे, तुझ्या त्या वळणाला झालंय काय? 'परिस्थिती' लिहिलं की 'स'ला अर्धवट तोडून मध्येच टिंबांचं एक वर्तुळ येतं. माझ्या लेखात 'परिस्थिती' हा शब्द शंभर वेळा आहे. इतिहासाचा लेख आहे तो. परिस्थितीशिवाय इतिहास लिहू कसा?''

''मामा, कधीपासून होतंय हे?''

''बरेच दिवस झाले. तूच सांग कधीपासून. तू लिहून ठेवतोस ना?''

मी फाईल उघडली. त्या महिनाभरात मी तीन आवृत्त्या काढल्या होत्या. १.४: किरकोळ दुरुस्त्या. १.४.१: किरकोळ दुरुस्त्या. १.४.२: आणखी किरकोळ दुरुस्त्या.

''वाच,'' मामा म्हणाले. मी वाचलं. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाची शांतता फोनमधूनही ओळखू येते.

''हे बघ,'' मामा म्हणाले, ''मराठीत इतिहास दोन तऱ्हेने लिहिला गेला. एक बखर. सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली ती १६९७ साली, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. शिवछत्रपतींना जाऊन सतरा वर्षं झाली होती. आठवून, सजवून, वाचणाऱ्याला स्फुरण चढेल असं लिहायचं. तिचंही काम असतं. दुसरी तऱ्हा शकावली. कारीच्या जेध्यांच्या घरची बघ. तारीख, आणि पुढे त्या दिवशी काय झालं ते. एक ओळ, फार तर दोन. विशेषणं नाहीत. पण संशोधकाला अडलं की तो बखर मिटतो आणि शकावली उघडतो. तू या दोन्हींत बसत नाहीस. तू जे लिहिलंयस ना, त्याला आमच्या शाळेत कोरी उत्तरपत्रिका म्हणत.''

''मामा, बदल खरंच लहान होते—''

''लहान-मोठं तू कोण ठरवणार? पानिपत झालं १७६१ साली. केवढा अनर्थ! पण त्याची बातमी पेशव्यांकडे ज्या निरोपातून पोचली म्हणतात, त्या सावकारी भाषेतसुद्धा तीन घरं होती. मोती किती गेले, मोहरा किती गेल्या, आणि खुर्दा. घाईत, गुप्तपणे लिहिणाऱ्यालाही वाटलं की सरसकट 'नुकसान झाले' म्हणून चालणार नाही. आणि तुला रात्रभर वेळ असतो.''

मी गप्प झालो, पण डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. आवृत्तीच्या आकड्यांची सध्याची सर्वांत प्रचलित शिस्त टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडली. तिच्यात आकडे तीनच. पहिला आकडा वाढला तर जुनं काहीतरी चालेनासं होणार; दुसरा वाढला तर नवीन भर, जुन्याला धक्का नाही; तिसरा वाढला तर नुसती डागडुजी. मोती, मोहरा, खुर्दा. आमचा कारभार मात्र असा की मोती हरवला तरी मी खुर्द्यात धरला होता. परिस्थिती बिघडली होती आणि मी फक्त तिसरा आकडा हलवला होता.

त्या रात्री मला डॉनल्ड क्नूथ आठवले. टेक हा मुद्रणाचा जगप्रसिद्ध प्रोग्रॅम त्यांचा. १९७८ पासून त्यांनी त्यातल्या स्वतःच्या चुकांची वही ठेवली आणि १९८९ साली त्यावर लेखच प्रसिद्ध केला. चुकांचे १५ वर्ग पाडले: एक वर्ग घोडचुकांचा, एक करायचं विसरलेल्या गोष्टींचा, एक कधी मनातही न आलेल्या प्रसंगांचा, एक टायपिंगच्या क्षुल्लक चुकांचा. 'किरकोळ' असा वर्ग त्यांनाही करता आला असता. टेकमधली नवी चूक शोधून देणाऱ्याला ते ३२७ डॉलर ६८ सेंट देतात, आणि टेकच्या आवृत्तीचा आकडा दर खेपेला पायच्या (π) किमतीकडे एकेक घर सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ वर पोचला. आपल्यानंतर तो आकडा नेमका पाय करावा आणि उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं समजावं, अशी त्यांनी व्यवस्था करून ठेवली आहे. माझ्या उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं म्हणायला मात्र मामा हयातीत तरी तयार होणार नव्हते.

आता प्रश्न एवढाच होता: तीन आवृत्त्यांपैकी मोडतोड नक्की कोणत्या आवृत्तीने केली? एकेक बांधून तपासता आलं असतं. रात्र गेली असती. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. सवयीने वार बघायला कालनिर्णयकडे नजर गेली, आणि ९ तारखेच्या चौकटीत, 'दूध २'च्या खाली, पेनने लिहिलेलं दिसलं:

'दादाचा फोन. आर्थिक आता ठीक. परिस्थिती बिघडली. हा म्हणाला बघतो.'

मी म्हणालो होतो! आता आठवलं. त्या दिवशी फोन आईनेच घेतला होता, निरोप मला हाक मारून सांगितला होता, आणि मी हेडफोनच्या आतून 'बघतो' म्हटलं होतं. आईने माझा शब्दही दफ्तरी लावून ठेवला होता.

त्या चौकटीत सगळं होतं. 'आर्थिक' या शब्दात पहिली वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर बसतात. तो नीट उमटत नाही अशी मामांची जुनी तक्रार होती, आणि ती मी १.४.१ मध्ये दूर केली होती. ते करताना वेलांटीला पलीकडे नेणारा माझा नियम अर्ध्या अक्षरापाशीच थांबायला लागला. 'स्थि'मधली वेलांटी 'थ'पर्यंत पोचायच्या आधीच 'स्'जवळ उतरू लागली. आर्थिक सुधारलं आणि परिस्थिती बिघडली. काय दुरुस्त झालं, काय मोडलं, कुणी सांगितलं, कोणत्या दिवशी आणि पुढे काय ठरलं, हे सगळं दीड इंचात. १.४.१ मी २ तारखेला काढली होती. पाच दिवस सिडमध्ये, मग टेस्टिंग शाखेत, म्हणजे मामांच्या कॉम्प्युटरवर. १.४.२ निघाली थेट २० तारखेला. गुन्हेगार ठरायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आई उठून आली होती. ''काय शोधतोयस?''

''सापडलं. तुझ्याकडेच होतं.''

''दादाचं ना? मी तेव्हापासून काळजीत आहे. पेन्शन वेळेवर येतंय, आर्थिक ठीक आहे म्हणतो, आणि वर परिस्थिती बिघडली म्हणतो. थोरल्या भावाला पैशाचं कसं विचारायचं? मी वहिनीला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, ते दिवसभर कॉम्प्युटरवर ओरडत असतात.''

त्या रात्री मी १.४.३ ची नोंद लिहिली. लेखकाच्या वहीत लिहिलं: 'जोडाक्षरावरची पहिली वेलांटी आता पूर्ण जोडाक्षर ओलांडून बसते (उदा. परिस्थिती). १.४.१ मध्ये आर्थिक हा शब्द दुरुस्त करताना मीच हे बिघडवलं होतं. सांगलीहून तोंडी तक्रार ९ तारखेला आली. तेव्हा दुर्लक्ष झालं.' मग पॅकेजरच्या वहीकडे वळलो. 'अपस्ट्रीमची नवी आवृत्ती' एवढं लिहून हात थांबला. वरच्या अंगाचा माणूस एकदा खरं बोलला होता. खालच्याला तोंड फिरवून बसायचं कारण उरलं नव्हतं. तिथेही वेलांटीची ओळ घातली. मोकळ्या जागा मोजल्या: दोन. वार तपासला: बरोबर. निकड: मध्यम.

सकाळी चहाच्या वेळी आईला म्हटलं, ''परिस्थिती सुधारली.''

तिने लगेच पेन घेतलं आणि कालनिर्णयपाशी गेली.

''थांब,'' मी म्हणालो. ''आत्ताशी पाठवलंय. पाच दिवस ते दुसरीकडे राहील, कुणी ओरडलं नाही तर मामांकडे पोचेल. मग मामा बघतील आणि फोन करतील.''

आईने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल घेतली.